जुन्या कबरी वाचत फिरणारं अजून कुणी आहे का इथं?

पायवाट_सोलापूर (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. खूप दिवस विचारीन विचारीन म्हणत होतो, आज विचारतोच. कुठंही फिरायला गेलो की मला तिथलं जुनं चर्च आणि त्याच्या आवारातल्या कबरी बघायची ओढ लागते. देऊळ, किल्ला, बाजार हे होतंच, पण रस्त्यानं जाताना कंपाऊंडच्या आत कलंडलेले दगड दिसले की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. बायको आता काही विचारत नाही, थर्मास काढून झाडाखाली बसते.

वेड लागलं ते वडगाव मावळला. तिथं इष्टुर फाकड्याची कबर आहे, म्हणजे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट, ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ मराठ्यांच्या तोफेच्या गोळ्यानं मेला. शत्रूच तो, पण आपल्या लोकांनी त्याला फाकडा म्हणजे बहाद्दर म्हणून नाव दिलं आणि आजही तिथले लोक त्याला देवासारखं मानतात. तिथं उभं राहिल्यावर वाटलं की आपल्याशी लढायला आलेल्या माणसाची कबर आपलीच माणसं अडीचशे वर्षं सांभाळतायत, हे कुठल्या पुस्तकातनं असं अंगावर आलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. आज सकाळी आपल्याच गावातल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत गेलो होतो. वॉचमन चांगला होता, आत सोडलं. पुढच्या कबरी नवीन, ग्रॅनाइटच्या, फोटो लावलेल्या. मागच्या कोपऱ्यात लिंबाच्या झाडाखाली एक दगड आहे, गुडघ्याएवढा वर, बाकीचा जमिनीत गेलाय. दरवर्षी चुना मारून मारून अक्षरं पार बुजलीत. बोट फिरवलं तर खड्डे लागतात पण वाचता येत नाही. कुणा साहेबाची नाहीतर त्याच्या मडमेची असणार. तासभर बसलो, नुसता एक आकडा कळला, १९० आणि पुढचं गेलेलं.

घरी आल्यावर आई म्हणाली, मसणात कशाला जातोस रे उगीच, आंघोळ कर आधी. केली. पण प्रश्न डोक्यात राहिला. एक म्हणजे असं दुसऱ्यांच्या कबरी बघत फिरणं बरोबर आहे का? दुसरं म्हणजे दगडाला इजा न करता अशी अक्षरं वाचायची कशी? आणि तुम्ही कुठं काय बघितलंय ते पण सांगा.

शेंगाचटणी (रविवार, रात्री ९.५२)

का बे पायवाट, रविवारी लोक हुरडा खायला जातेत आणि तू कबरस्तानात हिंडलालास होय. पण सकाळी गेलास ते बरं केलास. दुपारी एकला सोलापूरच्या उन्हात दगड वाचत बसला असतास तर वॉचमननं शेजारीच जागा बघितली असती.

इष्टुर फाकड्याचं माहीत नव्हतं, आवडलं. पुण्याला जाताना थांबतो आता.

गड्ड्याची_जत्रा (रविवार, रात्री १०.१५)

आईंना म्हणावं आपण सोलापूरकर रोजच समाधीला जातो की! तळ्यात सिद्धरामेश्वरांची समाधीच आहे ना, तिथं हात जोडल्याशिवाय आमच्या घरी दुकान उघडत नाही. आमच्यात म्हणजे लिंगायतांत दहन नाही, माणसाला बसवून पुरतात, हातात इष्टलिंग असतं, आणि त्या जागेला आम्ही रुद्रभूमी म्हणतो, मसण नाही म्हणत. लहानपणी आजोबांच्या जागेवर दिवा लावायला जायचो, भीती कधी वाटलीच नाही. या गावात पुरणारे कितीतरी लोक आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आम्ही आहोत. त्यामुळं पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर, जा बिनधास्त, चप्पल बाहेर काढ.

फिरस्ता_७७ (रविवार, रात्री ११.०५)

अरे माझ्या आवडीचा विषय काढला. मी तीस वर्षं हेच करतोय, नोकरी फिरतीची होती म्हणून जमलं. मराठी माणसानं बघाव्यात अशा दोन सांगतो.

सुरत. तिथं इंग्रजांच्या आणि डचांच्या कबरी म्हणजे इमारती आहेत, घुमट, खांब, जिने. दोघांची चढाओढ, की मेल्यावर सुद्धा आमचा माणूस तुमच्यापेक्षा मोठा दिसला पाहिजे. त्यात जॉर्ज ऑक्झिंडेन आहे, १६६९ ला गेला. हा तोच, जानेवारी १६६४ ला महाराजांनी सुरत लुटली तेव्हा इंग्रजांच्या वखारीचा प्रमुख होता आणि वखार लढवून धरली होती. त्याच घराण्यातला हेन्री ऑक्झिंडेन पुढं १६७४ ला राज्याभिषेकाला नजराणा घेऊन रायगडावर हजर होता. शाळेत हे नाव सगळ्यांनी पाठ केलंय, पण त्या घराण्याचं थडगं सुरतेत आहे हे बघायला कोण जातो?

दुसरी आग्र्याला, रोमन कॅथलिक कबरस्तानात. लोक ताजमहाल बघून परत येतात, मी म्हणतो लाल ताज बघा. जॉन हेसिंग नावाचा डच माणूस शिंद्यांच्या फौजेत होता, आग्र्याचा किल्ला त्याच्याकडं होता, १८०३ ला वारला. त्याच्या बायकोनं लाल दगडात छोटा ताजमहाल बांधला. नवऱ्यानं बायकोसाठी बांधलेला सगळ्या जगाला माहीत, बायकोनं नवऱ्यासाठी बांधलेल्यापाशी मी गेलो तेव्हा एक माळी आणि मी, दोघंच होतो.

कलकत्त्याचं साउथ पार्क स्ट्रीट तर एक दिवस काढून बघायचं, १७६७ ला सुरू झालेलं. तिथं चार्ल्स स्टुअर्ट नावाच्या गोऱ्या जनरलची कबर देवळासारखी बांधलीय, तो रोज गंगेत अंघोळ करायचा, लोक त्याला हिंदू स्टुअर्टच म्हणायचे. पण मला तिथं सगळ्यात जास्त लागलं ते वय वाचताना. एकोणीस, बावीस, सव्वीस. बाळंतपण, पटकी, ताप. गोऱ्या माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, असं म्हणायचे त्या काळात.

कडबोळी (सोमवार, सकाळी ७.३०)

सगळे कौतुक करताय म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मला हे पटत नाही. फिरायला म्हणून गेलेल्या माणसानं कुणाच्या कबरीपाशी उभं राहून फोटो काढायचे, वय वाचून हळहळायचं आणि मग पुढच्या गावाला जाऊन जेवायचं, हे कसलं बघणं?

आमच्यात लहान लेकरू गेलं की पुरतात. माझ्या आईचं पहिलं बाळ मंगळवेढ्याकडं आमच्या शेताच्या बांधावर आहे, वर एक दगड ठेवलाय नुसता. आई अजून ज्वारी काढायला गेली की त्या दगडाला हात लावून पुढं जाते, कुणाशी बोलत नाही. तिथं उद्या कुणी परका माणूस कॅमेरा घेऊन उभा राहिला तर मला चालणार नाही. शंभर वर्षांनी सुद्धा चालणार नाही.

पायवाट_सोलापूर (सोमवार, सकाळी ८.१०)

कडबोळीताई, राग कसला. तुम्ही लिहिलेलं वाचून चहा तसाच राहिला. मी फोटो काढतो हे खरं आहे, नवीन कबरींचे कधीच नाही, पण जुनी कुठली आणि नवीन कुठली हे ठरवणारा मी कोण, हा विचार केला नव्हता. करतो.

निळूमास्तर (सोमवार, दुपारी ४.२०)

कडबोळी यांचं दुःख खरं आहे, त्याला उत्तर द्यायला हे लिहीत नाही. शिक्षक होतो म्हणून फक्त थोडी भर घालतो.

आपल्याकडं गेलेल्या माणसासाठी दगड उभा करायची रीत ख्रिस्ती लोकांच्या आधीपासून आहे. गावोगावी मारुतीच्या देवळाबाहेर शेंदूर फासलेले वीरगळ असतात, पोरं त्यावर बसतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाई वळवणारे चोर, मधल्यात अप्सरा वीराला वर नेतायत, वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेपर्यंत कीर्ती राहो. सतीशिळेवर बांगड्या भरलेला हात असतो. हे दगड कुणीतरी बघावेत, थांबावं, विचारावं म्हणूनच वेशीवर उभे केले, घरात नाही ठेवले. बांधावरचा दगड वेगळा आहे, तो घरच्यांसाठी आहे. वेशीवरचा सगळ्यांसाठी. मला वाटतं हा फरक लक्षात ठेवला की पायवाटेच्या पहिल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मिळतं.

आणि वाचण्याचं म्हणाल तर आपल्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला भीमा सीनेच्या संगमावर संगमेश्वराच्या देवळात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा शिलालेख आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक. त्याची शेवटची ओळ आहे "वाछि तो विजेया होऐवा". जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरणाऱ्यानं पुढं येणाऱ्या माणसाला सांगून ठेवलंय की थांब, वाच. मी दरवर्षी मुलांना घेऊन जायचो आणि मोठ्यानं वाचायला लावायचो.

शेंगाचटणी (सोमवार, संध्याकाळी ५.०१)

मास्तर, मी तिथं दोनदा जाऊन आलोय, दोन्ही वेळा मासे तळून खाल्ले नदीकाठी आणि परत. कुणी सांगितलंच नाही वाचायचं. आता तिसऱ्यांदा जाऊलालो, फक्त वाचायला. (मासे पण.)

एडिंबराकर (सोमवार, रात्री ११.४५)

मी मूळचा सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी चार पिढ्या विणकामाचे माग. सध्या नोकरीसाठी एडिंबरात आहे. इथं चर्चचं आवार म्हणजे गावातली बाग, लोक दुपारी डबा घेऊन कबरींच्या मधल्या बाकावर बसतात, पोरं खेळतात, कुणाला काही वाटत नाही. ग्रेफ्रायर्स नावाचं आवार फार जुनं आहे, तिथं काही कबरींवर लोखंडी पिंजरे आहेत. मला आधी वाटलं भुताखेताचं काही असेल. तसं नाही. मेडिकल कॉलेजला शिकायला प्रेतं लागायची, कायद्यानं फार थोडी मिळायची, मग चोर रात्री ताजी कबर उकरून प्रेत विकायचे. म्हणून घरचे लोक काही आठवडे पिंजरा भाड्यानं आणायचे, आतलं शरीर विकण्यालायक राहीपर्यंत. १८३२ ला कायदा बदलला तेव्हा तो धंदा थांबला. त्या पिंजऱ्याकडं बघून मला भीती नाही वाटली, उलट आईबापांनी काय काय केलंय आपल्या माणसाला शांत झोपू देण्यासाठी असंच वाटलं.

पण लिहायचं होतं ते वेगळंच. स्कॉटलंडच्या जुन्या कबरींवर माणसाचा धंदा कोरलेला असतो. शिंप्याच्या दगडावर कात्री आणि इस्त्री, लोहाराच्या हातोड्यावर मुकुट, शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ. नाव वाचता नाही आलं तरी माणूस कळतो. मागच्या उन्हाळ्यात अँगस भागात एका खेड्यात गेलो होतो, पाऊस लागला म्हणून चर्चच्या भिंतीला टेकून उभा राहिलो आणि समोरच्या दगडावर बघतो तर बिबट्याचं तोंड आणि त्याच्या तोंडात धोटा. आपला मागाचा धोटा, आडवं सूत इकडून तिकडं नेणारा. दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये सुताची कांडी बसवायची खाच, सगळं. विणकरांच्या संघाची खूण आहे ती. दगड सतराशे काहीचा.

माझ्या आजोबांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यापाशी धोटा फेकून फेकून गाठ आली होती. मी त्या पावसात त्या दगडावरच्या धोट्यावर हात ठेवून उभा राहिलो, किती वेळ ते सांगता येणार नाही. बाबांना व्हिडिओ कॉल करून दाखवला. ते लुंगीवर, मागे पॉवरलूमचा आवाज चालू, म्हणाले, कांडी कुठल्या बाजूनं भरायचे बघ.

गड्ड्याची_जत्रा (मंगळवार, सकाळी ६.५०)

कांडी कुठल्या बाजूनं भरायचे बघ!! बाबांना नमस्कार सांगा.

पाथरवट (मंगळवार, दुपारी १.३०)

दुसऱ्या प्रश्नाचं कुणीच उत्तर दिलेलं नाही म्हणून लिहितो, दगडाचं काम हा आमचा पिढीजात धंदा आहे.

पायवाट, पहिली गोष्ट, खरवडू नकोस. तारेचा ब्रश नको, पॉलिश पेपर नको, ॲसिड तर मुळीच नको. संगमरवर आणि शहाबादी दोन्ही चुनखडीच, ॲसिड पडलं की वरचा थर विरघळतो, दगड क्षणभर पांढरा शुभ्र दिसतो आणि अक्षर कायमचं जातं. काही जण खडू घासतात, दाढीचा फेस लावतात, ते पण नको, छिद्रात बसतं. कागद ठेवून मेण घासून ठसा घेतात, तो घट्ट दगडावर ठीक, पापुद्रे सुटलेल्यावर हात दाबला तरी तुकडा येतो. लागलंच तर साधं पाणी आणि मऊ कुंचला, बस्स.

दगड कुठला ते बघ. काळा पाषाण असेल तर नशीबवान आहेस, टाकीनं मारलेलं अक्षर दोनशे वर्षं हलत नाही. शहाबादी असेल तर थर सुटतात. संगमरवरात पूर्वी शिशाची अक्षरं भरायचे, आधी बारीक भोकं पाडायची आणि शिसं ठोकून बसवायचं. शिसं गळालं की नुसती भोकं राहतात, पण घाबरायचं नाही, भोकांच्या मांडणीवरनं अक्षर ओळखता येतं.

चुन्याखालचं वाचायला आरसा ने. घरातला साधा चालेल, मोठा असेल तर उत्तम. दगड सावलीत असताना लांबून उन्हाची तिरीप आरशानं त्याच्यावर पाड, अगदी तिरकी, दगडाला घासून गेल्यासारखी. समोरनं उजेड टाकलास तर काही दिसणार नाही. तिरका टाकलास की प्रत्येक खड्ड्याची सावली पडते आणि चुना असला तरी अक्षर उठून येतं. ऊन नसेल तर रात्री टॉर्च. आमचे वडील असंच जुन्या देवळातलं काम बघायचे.

आणि कलंडलेला दगड सरळ करायला जाऊ नकोस. जड असतो, पायावर येतो.

प्राजक्ता_इटली (मंगळवार, रात्री ८.२५)

मी इथं नवीन आहे. फ्लॉरेन्सला कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या स्मारकाची छत्री आहे हे कुणाला माहीत आहे का? विशीतला तरुण राजा, इंग्लंडहून परत येताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. बरोबरच्या लोकांनी आग्रह धरून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर दहन केलं, आपल्या रिवाजाप्रमाणं संगम शोधला! पुढं १८७४ ला तिथं छत्री उभी केली, आत फेटा घातलेला अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलाला सुद्धा इटालियन लोक 'भारतीयाचा पूल' अशाच अर्थाचं नाव वापरतात. मी कॅशिने बागेत पळायला जायचे, एक दिवस शेवटपर्यंत पळत गेले आणि समोर छत्री. घाम पुसायचं पण विसरले. कोल्हापूरच्या मैत्रिणीला फोटो पाठवला तर तिचा फोन आला आणि आम्ही दोघी नुसत्या रडलो.

रेल्वेचा_पोरगा (मंगळवार, रात्री ९.१०)

मग आपल्या गावच्या माणसाचं पण सांगायलाच पाहिजे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. भैय्या चौकातलं त्यांचं घर सगळ्यांनी बघितलंय. १९३८ ला पाच डॉक्टरांच्या पथकातनं चीनला गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, वय ३२. त्यांची कबर शिजियाझुआंगला हुतात्म्यांच्या दफनभूमीत आहे, त्याच आवारात चीनमध्ये सेवा केलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून पण आहेत. चीनमधले लोक दरवर्षी पूर्वजांच्या कबरी साफ करायच्या दिवसांत तिथं फुलं वाहतात. म्हणजे कुणीतरी परकी माणसं थांबतात, नाव वाचतात, म्हणून आपला माणूस तिथं एकटा नाही. कडबोळीताई, तुमचं म्हणणं मान्य आहे, पण हे पण एकदा बघा.

आणि पुण्याला रेल्वेनं जाणाऱ्यांनी केडगावला उतरून पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनला जावं. ५ एप्रिल १९२२ ला गेल्या त्या, मनोरमाबाई आदल्या वर्षी. लेक आधी गेली. पुढं खडकीला युद्धाचं कबरस्तान आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी, सगळे दगड एकाच मापाचे, अधिकारी असो की शिपाई. गवत असं कापलेलं की पाय ठेवायला संकोच वाटतो.

शेंगाचटणी (मंगळवार, रात्री ९.३०)

विषयांतर करू का, विजापूरच्या साठ कबर कुणी बघितलंय? अफजलखानानं निघताना बायकांना मारलं अशी तिथं गोष्ट सांगतेत. गोष्ट खरी खोटी ते मास्तर सांगतील, पण रांगेनं सारख्या कबरी बघून मी गप्प झालो होतो, आणि मी गप्प होत नसतो. गोलघुमटात पोरं ओरडून आवाज ऐकत होती, तिथं पण खरी कबर खाली तळघरात आहे, वर नुसती खूण.

रूथ_आत्या (बुधवार, दुपारी २.१५)

भाचीनं हा धागा दाखवला, वाचून खूप बरं वाटलं म्हणून लिहिते. मी सोलापूरचीच, आमच्या पणजोबांपासून इथं आहोत.

आमच्याकडं ईस्टरच्या पहाटे अंधारातच सगळी मंडळी दफनभूमीत जमतात, उपासना होते, गाणी म्हणतो, मेणबत्त्या लावतो. त्याच्या आधी कबरी साफ करून चुना मारायची पद्धत आहे. ज्यांचं इथं कुणी राहिलं नाही त्यांच्या कबरीला पण तरुण संघाची पोरं मारतात, कुणी उघडं राहू नये म्हणून. पायवाट, तुम्हाला त्या चुन्याचा त्रास झाला, पण तो प्रेमानं मारलेला आहे हं. आता कळलं की अक्षरं बुजतात, तर सांगू पोरांना.

परक्यांनी यावं का? यावं की. फक्त पास्टरना नाहीतर कमिटीतल्या कुणाला विचारून यावं, दफनविधी चालू असेल तर लांब थांबावं, कबरीवर बसू नये, पाय देऊ नये. बहुतेक जुन्या कबरींचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला असतात, पुनरुत्थानाच्या सकाळी उठल्यावर तोंड उगवतीला असावं म्हणून. म्हणजे कुठून चालायचं ते कळतं. नवीन कबरींचे फोटो नकोत. आणि वाचाल ते नाव जरा मोठ्यानं वाचा. माझ्या आजीच्या बहिणीचं नाव गेली कित्येक वर्षं माझ्याशिवाय कुणी उच्चारलेलं नाही.

लिंबाखालचा दगड म्हणजे विहिरीकडचा कोपरा का?

पायवाट_सोलापूर (बुधवार, रात्री १०.००)

हो आत्या, विहिरीकडचाच. तुम्ही म्हणाल त्याला विचारून परत जातो. पाथरवट, बाथरूममधला आरसा काढलाय भिंतीवरनं.

पायवाट_सोलापूर (शनिवार, सकाळी ९.२०)

आत्ताच आलोय, हात पण धुतले नाहीत, आधी लिहितो.

साडेसहाला गेलो. दगड सावलीत होता, ऊन पलीकडच्या भिंतीवर. बायकोला आरसा धरून वीस पावलं लांब उभं केलं. पहिली दहा मिनिटं काहीच जमेना, उजेडाचा ठिपका नुसता नाचत होता. मग तिनं आरसा विहिरीच्या कट्ट्यावर टेकवला आणि जरा जरा वळवत नेला, आणि एकदम खड्ड्यांवरनं एक आडवी रेघ गेलेली दिसली. सलग. मी म्हणलं इंग्रजीत अशी रेघ कुठं असते? बायको तिकडनं ओरडली, अहो शिरोरेघ आहे ती!

मराठी आहे मंडळी. देवनागरी. मी आठवडाभर साहेब आणि मडम धरून बसलो होतो. पहिल्या ओळीत नाव आहे, शेवट 'बाई' स्पष्ट. दुसऱ्या ओळीत 'शाळेत' आणि 'शिक' एवढं लागतं. मग तो १९० चा आकडा. आणि अगदी खाली, माती थोडी बाजूला केल्यावर, 'मेंढ' आणि मग बरंच गेलेलं आणि शेवटी 'णार नाही'.

रूथ_आत्या (शनिवार, सकाळी ९.४१)

परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही. स्तोत्र तेवीस. आम्हाला पाळण्यात असल्यापासून पाठ आहे ते.

निळूमास्तर (शनिवार, सकाळी १०.३०)

आपल्याच गावची एक बाई, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, शाळेत शिकवत होती. मी छत्तीस वर्षं शिकवलं या गावात आणि हा दगड माहीत नव्हता. पायवाट, सूनबाईंना माझा नमस्कार सांग, आरसा त्यांनी धरला.

रूथ_आत्या (रविवार, दुपारी ३.००)

चर्चनंतर पास्टरांबरोबर बसून दफनाची जुनी वही काढली. पानं हाताला लागली की तुटतात, हळूहळू उलटली. सापडली. वय ३४, काम शिक्षिका, मुलींची शाळा. तिच्या पुढच्याच ओळीत चार दिवसांनी तिचा मुलगा, वय ६. त्याला वेगळा दगड नाही, आईजवळच ठेवलाय असं लिहिलंय. नाव इथं टाकत नाही, तिच्या भावाकडचं घराणं अजून गावात आहे, आधी त्यांना जाऊन सांगते. मग तुम्हाला सगळ्यांना घेऊन जाईन, पुढच्या रविवारी सकाळी सातला या. आणि यावर्षी त्या दगडाला चुना मारायचा नाही असं कमिटीत सांगितलंय.

एडिंबराकर (रविवार, दुपारी ३.२०)

माझ्या वतीनं कुणीतरी एक फूल ठेवा.

शेंगाचटणी (रविवार, दुपारी ३.३५)

मी ठेवतो. सातला म्हणजे पावणेसातला येतो.

कडबोळी (रविवार, रात्री ८.१०)

मी पण येते. आईला रात्री हे सगळं वाचून दाखवलं. सहा वर्षांच्या पोराचं आलं तेव्हा तिनं मला तिथंच थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. ती पण येते म्हणाली. तिला गुडघ्यांचं आहे, जास्त वेळ उभं राहवत नाही, तिथं बसायला काही मिळेल का?

रूथ_आत्या (रविवार, रात्री ८.१४)

चर्चमधून खुर्ची आणून ठेवते. लिंबाच्या सावलीत ठेवते.